मामाची पिवळी

आजीच्या ट्रंकेत अगदी तळाशी एक पिवळी साडी होती. जर काळपट पडलेली, घडीघडीवर कापड विरलेलं. उन्हाळ्यात आम्ही कराडला गेलो की एकदा ती ट्रंक अंगणात उघडली जायची. बाकीचे कपडे आजी फटाफट झटकून दोरीवर टाकायची, ही साडी मात्र दोन्ही तळव्यांवर उचलून बाजूला ठेवायची. ती कधी कुणाच्या अंगाला लागली नव्हती. "कुणाची गं ही?" विचारलं की आजी म्हणायची, "चिपळूणची." पुढे काही नाही. डांबराच्या गोळ्यांचा वास आणि तो एक शब्द.

भाचीच्या लग्नात मामानं पिवळी साडी, अष्टपुत्री, घ्यायची आणि गौरीहर पुजायला बसलेल्या भाचीला हाताला धरून बोहल्याकडे आणायचं. 'मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं' असं भटजी पुकारतात तेव्हा मांडवातल्या सगळ्या माना एका दिशेला वळतात. १९४४ च्या वैशाखात चिपळूणच्या एका मांडवात त्या माना वळल्या आणि सख्खा मामा तिथं नव्हता. तो मामा म्हणजे माझे आजोबा. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. कराडला ते शाळामास्तर होते. थोरली बहीण आक्का चिपळूणला दिलेली. आईमागं तिनंच त्यांना वाढवलेलं.

अण्णा का गेले नाहीत, ही गोष्ट मी तीन तोंडांनी ऐकली आहे. आजीच्या, अण्णांच्या आणि शेवटी आक्काआजीच्या. तिन्ही ठिकाणी ती थोडी वेगळी होती.

दुसरं महायुद्ध १९३९ लाच सुरू झालं होतं, पण आजीला ते कळलं कंदिलातून. कराडच्या स्टेशनाजवळच ओगलेवाडी. तिथल्या ओगल्यांच्या काचकारखान्यातला प्रभाकर कंदील गावात घरोघरी. आमच्याकडे दोन होते. आपल्याकडचं घासलेट त्या काळी मोठ्या प्रमाणावर ब्रह्मदेशातून यायचं. मार्च १९४२ मध्ये रंगून पडलं आणि एप्रिलमध्ये माघार घेणाऱ्या इंग्रजांनी येनानजाँगच्या तेलविहिरी जपान्यांच्या हाती लागू नयेत म्हणून स्वतःच उद्ध्वस्त केल्या. घरचा झरा म्हणावा तर आसामातलं दिग्बोई आणि पंजाबातलं अटक. इराणातल्या आबादानहून जहाजानं येणाऱ्या तेलावर पहिला हक्क फौजेचा. ओगलेवाडीचा कंदील तसाच चकचकीत राहिला, आत घालायला घासलेट राहिलं नाही. आजी सांगायची, "एक कंदील आम्ही खुंटीला टांगला तो दोन वर्षं उतरवलाच नाही. करंजेलाच्या पणतीवर पोरांनी अभ्यास केला. डोळे चुरचुरायचे त्यांचे." दुसरा कंदील फक्त कुणी आजारी असेल तर लागायचा.

पेट्रोलवर रेशन त्याआधीच, १९४१ मध्ये, आलं होतं. खाजगी मोटारींना कुपनं. एसटी तेव्हा नव्हती. पहिली एसटी पुण्याहून नगरला सुटली ती १ जून १९४८ ला. त्याआधी रस्त्यावर धावायच्या त्या खाजगी मालकांच्या सर्व्हिस मोटारी. पेट्रोल मिळेना तेव्हा त्यांच्यापैकी कितीतरी कोळशावर आल्या. हे आताच्या पोरांना सांगितलं तर त्यांना वाटतं आपण इंजिनाच्या गाडीबद्दल बोलतोय. तसं नव्हे. मोटार तीच, फक्त मागच्या अंगाला पुरुषभर उंचीचं लोखंडी पिंप बसवलेलं. त्यात लाकडाचा कोळसा भरायचा आणि पेटवून हवा बेताबेतानं सोडायची. पुरती हवा मिळाली तर कोळसा जळून राख होतो. अर्धीमुर्धी मिळाली तर त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, आणि तो जळतो. तो गाळून, थंड करून नळीनं इंजिनात नेला की पेट्रोलच्या जागी चालतो. चालतो म्हणजे कसाबसा. त्यात निम्म्याहून अधिक न जळणारा नायट्रोजनच असतो, त्यामुळे गाडीची ताकद बरीच उतरायची.

आजी त्या गाडीतून एकदा चिपळूणला जाऊन आली होती, लग्नाच्या आदल्या दिवाळीत, माझ्या वडिलांना मांडीवर घेऊन. ते वर्णन ती असं करायची की आम्हाला धूर दिसायचा. पहाटे गाडीचा किन्नर पिंपाला जोडलेला पंखा गरागरा फिरवतोय, अर्धा तास, घामानं निथळतोय. ड्रायव्हर मधूनच नळीच्या तोंडाशी काडी धरून बघतोय. निळी ज्योत धरली की "झाला, झाला गॅस!" मग थोड्याशा पेट्रोलवर इंजिन चालू करायचं आणि हळूच गॅसवर घ्यायचं. टपावर उतारूंच्या वळकट्यांशेजारी कोळशाची पोती. मागच्या बाकावर बसणाऱ्यांची डोकी दुखायची. आजी तिथंच बसली होती आणि तिला वाटलं गाडी लागली. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, हे मी तिला पुष्कळ वर्षांनी सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "तुझा बाप मांडीवर होता रे."

कराडहून चिपळूण पंचावन्न मैलांच्या आसपास. पाटण, मग कोयनेच्या काठानं हेळवाक, तिथून कुंभार्ली घाट उतरून पोफळी. कोयनेचं धरण अजून व्हायचं होतं. जाताना घाट उताराचा, म्हणून निभायचं. येताना पोफळीला सगळ्या धडधाकट पुरुषांना खाली उतरवायचे. गाडी पुढं, माणसं मागं. किन्नर हातात लाकडाचा ठोकळा घेऊन चाकाबरोबर पळतोय, गाडी दम टाकून थांबली की ठोकळा चाकाखाली. दर वळणाला थांबून पिंपातली आग ढवळायची. कोकणात उतरायचं तर कराडच्या माणसाला दुसरा जवळचा मार्ग नव्हता; कोकणात रेल्वे यायला अजून पन्नास वर्षं होती.

म्हणून त्या काळी प्रवासाला निघण्याआधी घरात बैठक बसायची. तार आली आणि ती मृत्यूची असली तर प्रश्नच नाही, निघायचंच. बाळंतपणाला बाईमाणसानं जायचं, पुरुषानं नाही. बारशाला, मुंजीला कार्ड टाकून भागवायचं. लग्न मात्र मधलं. त्यात कोण जाणार, किती जणं जाणार, परत कधी येता येईल, तिथं रेशनावर ताण पडेल का, हे सगळं तोलायचं. अण्णांचा शब्द होता 'अडतं का?'. गेल्यावाचून कुणाचं अडतं का. आक्काच्या पोरीच्या लग्नाला मात्र हा शब्द त्यांनी उच्चारलासुद्धा नाही, कारण मामावाचून अडतंच. घरातलं एक जण जाणार, म्हणजे अण्णाच. आजीनं कुठून कुठून कापड शोधून पिवळी मिळवली होती. कापडाचीही टंचाईच होती.

लग्नाच्या तीन-चार आठवडे आधी, १४ एप्रिलला, मुंबईच्या गोदीत स्फोट झाला. दारूगोळ्यानं भरलेलं 'फोर्ट स्टिकिन' जहाज उडालं आणि मुंबई हादरली. तिकडचे नातेवाईक येणार नाहीत अशी पत्रं चिपळूणला गेली. इकडं सातारा जिल्ह्यात इंग्रजांविरुद्धच्या प्रतिसरकारचा जोर. रस्त्यांवर नाकेबंदी, झडत्या. कराड–चिपळूण गाडी दिवसाआड सुटायची. लग्नाच्या आदल्या दिवशीची जागा अण्णांनी धरून ठेवली होती. पहाटे वळकटी आणि पिशवी घेऊन ते अड्ड्यावर गेले तर गाडीच नव्हती. रात्री सरकारी कामासाठी धरून नेली होती. पुढची गाडी परवा. मुहूर्त उद्या दुपारचा. बैलगाडीनं तीन दिवस.

इथवर तिन्ही गोष्टी सारख्या. पुढचं आजीनं सांगितलं.

गल्लीच्या तोंडाशी एक डॉक्टर राहायचे. त्यांच्याकडे मोटार होती आणि धंद्यामुळे कुपनं इतरांपेक्षा जास्त. अण्णा परत आलेले पाहून ते स्वतः ओसरीवर आले. "मास्तर, भाचीचं लग्न आहे. चला, मी सोडतो तुम्हाला. संध्याकाळपर्यंत चिपळूणला."

अण्णा पाटावर बसले होते. त्यांनी मनात हिशेब केला, मास्तरच ते. जाऊन येऊन एकशे दहा मैल. घाटरस्ता, गॅलनला वीस मैल धरले तर साडेपाच गॅलन. ते डॉक्टरांना म्हणाले, "डॉक्टर, ते पेट्रोल बाळंतिणींचं आहे."

डॉक्टर म्हणाले, "मास्तर, माझा हिशेब मला करू द्या."

अण्णा नाही म्हणाले. डॉक्टर आणखी थोडा वेळ उभे राहिले आणि गेले. आजी दाराआड होती. ती अण्णांना म्हणाली, "अहो, ते स्वतः होऊन आले होते." अण्णांनी उत्तर दिलं नाही. पिशवीतून पिवळी काढून त्यांनी तिच्या हातात दिली आणि शाळा नव्हती तरी शाळेकडे निघून गेले.

"आणि त्या आठवड्यात," आजी शेवटी हे नक्की सांगायची, "डॉक्टरांची मोटार छपरातून हलली नाही. मी रोज बघत होते."

अण्णांना मी विचारलं तेव्हा मी कॉलेजात होतो. ते म्हणाले, "हलली. दोनदा. एकदा मसूरला आणि एकदा रात्री. तुझ्या आजीला झोप लागली होती." यातलं खरं काय, ते सांगू शकणारे डॉक्टर तेव्हा हयात नव्हते. मी दोन्ही तसंच ठेवलं आहे. आजी खोटं बोलणारी नव्हती आणि अण्णा तर नव्हतेच. एकाच गल्लीतला तोच आठवडा दोघांनी दोन तऱ्हांनी मोजला होता.

लग्न लागलं. भाचीला लांबच्या नात्यातल्या एका मामानं आणलं. त्यानं दिलेल्या साडीचा रंग केशरी होता, हे आक्काआजीला ऐंशीव्या वर्षीही आठवत होतं. अण्णांचं कार्ड आठवड्यानं पोचलं. त्यात लिहिलं होतं, गाडी मिळाली नाही, क्षमा असावी. आक्काचं उत्तर आलं, ठीक आहे. पिवळी पाठवू का, असं आजीनं विचारलं होतं. त्यावर आक्काचं उत्तर आलं नाही, आणि अष्टपुत्री मागाहून पाठवायची नसते, म्हणून आजीनं ती ट्रंकेत ठेवली.

पुढची काही वर्षं चिपळूणहून फक्त दिवाळीचं कार्ड यायचं. स्वातंत्र्य आलं, मग एसटी घाटातून धावायला लागली, आणि एका उन्हाळ्यात आक्का कराडच्या स्टँडवर उतरली. जेवणं झाल्यावर भांडी घासता घासता आजीनं तिला डॉक्टरांची गोष्ट सांगितली. आक्काला ती तोवर माहीतच नव्हती. ती राखेचा हात तसाच घेऊन उठली आणि ओसरीवर अण्णांसमोर जाऊन उभी राहिली.

"गाडी मिळाली नाही म्हणून लिहिलंस."

"मिळाली नव्हतीच, आक्का."

"मिळत होती. तू नको म्हणालास. आणि बरोबर म्हणालास. पण मला ते लिहायचं होतंस. मी मांडवात उभी राहून सांगितलं असतं, माझा भाऊ का आला नाही ते. ताठ मानेनं सांगितलं असतं. तू मला गाडीचं कारण दिलंस, मी लोकांना गाडीचं कारण दिलं, आणि लोकांनी ऐकून घेतलं."

हे मला स्वतः आक्काआजीनं सांगितलं. तेव्हापासून माझं मत तिच्या बाजूला आहे. अण्णांनी पेट्रोल नाकारलं यात मला काडीची चूक दिसत नाही. त्या दिवसांत एका कुपनाच्या मागं कुणाचा जीव असू शकत होता. पण जाणं न जाणं हा त्यांनी स्वतः केलेला निर्णय होता. पेट्रोलची टंचाई, धरून नेलेली गाडी, नाकेबंदी, हे सगळं खरं असूनही तो त्यांचाच होता, आणि तो त्यांनी टंचाईच्या नावावर मांडला. बहिणीला दुखावण्याच्या भीतीनं मांडला असेल. तिला मात्र भाऊ आला नाही यापेक्षा हे जास्त लागलं की त्यानं आपल्याला विश्वासात घेतलं नाही.

मग १९७४ आलं. मी नऊ वर्षांचा. आम्ही दादरच्या चाळीत राहायचो. आदल्या ऑक्टोबरात अरब–इस्रायल युद्ध पेटलं होतं, अरब देशांनी तेल आखडलं आणि कच्च्या तेलाचा भाव काही महिन्यांत चौपट झाला. आपल्याकडे पेट्रोल इतकं महागलं की नोव्हेंबरात अटलबिहारी वाजपेयी बैलगाडीतून संसदेत गेले. तो फोटो वडिलांनी आम्हाला दाखवला होता. चाळीत प्रश्न पेट्रोलचा नव्हता, रॉकेलचा होता. स्टोव्ह त्यावर. पत्र्याचे डबे, दगड, विटा, तुटकी चप्पल, काहीही ठेवून रांगेत नंबर लावलेले असायचे, आणि आई पहाटे चारला उठून आपला डबा पुढे सरकवायला जायची. मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकरांच्या लाटणं मोर्चात चाळीतल्या बाया गेल्या तेव्हा आईही गेली होती. आमचं लाटणं त्यात चिरलं आणि पुढची कितीतरी वर्षं आई त्याच चिरलेल्या लाटण्यानं पोळ्या लाटत होती. फेब्रुवारीत समुद्रात तेलविहीर खोदणाऱ्या 'सागर सम्राट'ला तेल लागलं. चाळीत पेढे वाटले गेले. ते तेल प्रत्यक्ष यायला आणखी दोन वर्षं लागली.

आत्याच्या मुलीचं लग्न मे महिन्यात कराडला ठरलं होतं. मुलीचे मामा माझे वडील. रेल्वेची तिकिटं काढून ठेवली होती आणि ८ मेला रेल्वेचा संप सुरू झाला. जॉर्ज फर्नांडिसांच्या पुढारपणाखाली सतरा लाखांच्या आसपास कामगार, वीस दिवस. तो संप कशासाठी होता, बोनस काय, इंजिनावरच्या माणसांना सलग किती तास राबावं लागायचं, हे वडील आम्हाला समजावून सांगायचे. त्यांची सहानुभूती संपकऱ्यांकडे होती. पण लग्न चार दिवसांवर आलं होतं. एसटीच्या स्टँडवर माणसं पायरीला लोंबकळत होती. टॅक्सीवाल्यानं सांगितलेला आकडा ऐकून आई खाली बसली.

वडिलांनी कराडला पत्र टाकलं होतं: येणं कठीण दिसतं, पण प्रयत्न सोडलेला नाही. त्याला उत्तर म्हणून तार आली. चाळीत तार म्हणजे एकच अर्थ. आमच्या दाराशी पंधरा माणसं जमली, शेजारच्या काकूंनी आईचा हात धरला. वडिलांनी ती उघडली, वाचली आणि मोठ्यानं सांगितलं, "अण्णांची आहे. 'काहीही करून ये' एवढंच." माणसं पांगली. वडील तार हातात घेऊन तसेच उभे होते. 'अडतं का' म्हणणाऱ्या माणसानं, शब्दाला पैसे मोजून, ती पाठवली होती.

भायखळ्याच्या मंडईत कराडकडचा भाजीपाला ट्रकांनी यायचा आणि ट्रक रिकामे परतायचे. वडिलांच्या ओळखीचा एक जण तिथं होता. रात्री अकराला आम्ही दोघं एका ट्रकच्या हौद्यात चढलो. आईला आणि धाकटीला नेलं नाही. हा निर्णय वडिलांनी आईला समोर बसवून सांगितला, कारणांसकट, आणि आई रडली पण हो म्हणाली. हौद्यात आमच्याशिवाय आणखी सात जणं. खाली कोबीची पानं, मेथीच्या काड्या, ओली पोती. पनवेल, खोपोली, बोरघाट. मला आठवतं ते आकाश आणि डिझेलचा धूर. वडील एका कडेला टेकून बसले होते आणि मांडीवरची कापडी पिशवी त्यांनी रात्रभर खाली ठेवली नाही. पुण्यानंतर उजाडलं. खंबाटकीच्या उतारावर ड्रायव्हरनं डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलवर टाकली. इंजिनाचा आवाज मावळला आणि नुसती चाकं घरंगळायला लागली. सगळे एकदम गप्प. वडिलांनी एका हातानं मला आवळून धरलं. दुसरा हात पिशवीवर होता.

कराडच्या नाक्यावर उतरलो तेव्हा नऊ वाजले होते. ड्रायव्हरनं पैसे घेतले. त्यानं मागितले त्याहून वडिलांनी थोडे जास्तच दिले.

मांडवाच्या तोंडाशी अण्णा उभे होते, धोतर, कोट, टोपी. केव्हापासून उभे होते कुणास ठाऊक. त्यांनी वडिलांना खालपासून वरपर्यंत पाहिलं. वडील वाकून नमस्कार करायला गेले तर त्यांचा खांदा धरून म्हणाले, "आधी आक्काकडे जा."

आक्काआजी कुंभार्ली चढून आदल्या दिवशीच आली होती. आत जात्याजवळ पाटावर बसली होती. वडील तिच्यासमोर बसले. ती काही बोलली नाही. तिनं पिशवी मागून घेतली, आतली साडी काढून मांडीवर ठेवली आणि घडी उलगडून काठ बघितला. मेथीचं एक पान घडीत चिकटलं होतं. ते तिनं नखानं अलगद काढलं, साडीची पुन्हा होती तशी घडी घातली, आणि दाराकडे बघत हाक मारली, "भटजींना सांगा रे, मामा आलाय."